थोरला बाहेरच उभा होता

आबांना पळताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

मी अंगणात बाजरी पाखडत होते. माझे सासरे, शलमोन पारखे, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, ओट्यावर बसून दावं वळत होते. ओढ्यापलीकडच्या वाटेवर एक माणूस दिसला. चार पावलं चालायचा, बाभळीला धरून उभा राहायचा, पुन्हा चालायचा. मला वाटलं, असेल कुणी भिकारी. आबांना एकच डोळा होता, पण त्यांनी मान वर केली आणि दावं हातातून सोडलं. धोतराचा सोगा मुठीत धरला आणि निघाले ते पळतच. अनवाणी. पांढऱ्या केसांच्या पिंडऱ्या उघड्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील माणूस, चर्चमध्ये ज्यांच्या शब्दाला पाळकसाहेबही मान द्यायचे, तो म्हातारा नांगरटीच्या ढेकळांतून पोरासारखा धावत होता.

"आबा, पडाल!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही.

ओढ्याच्या वाळूत दोघं भेटले. तो माणूस खाली बसायला बघत होता आणि आबा त्याला काखेत हात घालून उठवत होते. तो काहीतरी बोलत होता. आबा नुसती मान हलवत होते. शब्द काही माझ्यापर्यंत आले नाहीत.

अंगणात आल्यावर मी त्याला ओळखलं आणि पोरीला झटकन कडेवर घेतलं. तो लाजर होता. माझा धाकटा दीर. आबांचा डावा डोळा यानंच फोडला होता.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची ती गोष्ट. लाजर तेव्हा विशीतला. दारूच्या नादाला लागलेला. वाटणी मागत होता. "तुम्ही जिवंत असंपर्यंत मला वाट बघायची नाही," असं बापाच्या तोंडावर बोलला. आबा म्हणाले, जमीन घे, पण बैल थोरल्याला राहू दे, पेरणी तोंडावर आहे. लाजरनं गोठ्यातून बैल सोडायला घेतले. आबा आडवे आले. तेव्हा त्यानं जुवाची लाकडी शिवळ काढली आणि बापाच्या तोंडावर घातली. एकदा नाही. आबा गव्हाणीत पडले तरी तो मारत होता. मी हात धरला तर मला भिंतीवर फेकलं. आबांच्या गालावरून जे ओघळत होतं ते नुसतं रक्त नव्हतं. मी ते पदरानं पुसलं आणि ते लुगडं पुन्हा कधी नेसवलं नाही मला. लाजर बैल घेऊन गेला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

माझे मालक, तितस, तेव्हा आठवडी बाजाराला गेले होते. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती; आता ते नाहीत, म्हणून घेते. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी बापाचं तोंड पाहिलं आणि गोठ्याच्या मेढीवर कपाळ आपटून घेतलं. म्हणाले, "हा पुन्हा दिसला तर माझ्या हातानं मारीन." त्यानंतर कर्ज काढून घेतलेल्या एका बैलाचं औत, त्याला उसनी जोडी, उन्हाळ्यात खडी फोडायची, सगळं तितसनं केलं. आबांना एका डोळ्यानं अंदाज यायचा नाही, विळा बोटावर बसायचा. मग आबांचंही काम तितसच करायचे. तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही.

लाजर गेला तो नदीकाठच्या दगडू पैलवानाकडं. पैलवानाच्या हातभट्ट्या होत्या. लाजर त्याचा माणूस झाला. कुणाचे हात मोडायचे, कुणाची झोपडी पेटवायची, ही त्याची कामं. पुढं दारूच्या भांडणात त्यानं पैलवानाच्याच धाकट्या भावाच्या मांडीत कोयता घातला. त्या भावाचा पाय मांडीपासून कापावा लागला. तेव्हापासून लाजर पळत होता आणि पैलवानाची माणसं त्याला हुडकत होती.

तो आता आमच्या अंगणात बसला होता. अंगात ताप. ओठ फाटलेले. डोक्यात उवा.

"रिबका," आबा म्हणाले, "पाणी तापव. माझी नवी बंडी काढ. अन् दुपारचं काय असंल ते वाढ त्याला."

मी हलले नाही.

"पोरी," आबा हळूच म्हणाले, "तुझ्या मनात काय हाये ते मला कळतंय. पण आधी पाणी तापव."

मी पाणी तापवलं. आबांनी स्वतःच्या हातानं त्याला अंघोळ घातली. मग शेजारच्या गिदोनला हाक मारून म्हणाले, "उद्या उपासना सुटली की समद्या मंडळीला माझ्याकडं जेवायला सांग. गावातल्यांनाबी सांग. माझा लाजर आलाय. गोठ्यातला बोकड कापायचा."

सांजेला तितस रानातून आले. अंगणात गर्दी पाहून फाटकाशीच थांबले. गिदोन हसत पुढं गेला आणि सांगून बसला. तितसच्या खांद्यावर कुदळ होती. ती तशीच घेऊन ते आत आले. लाजर बाजेवर होता. भाऊ दिसताच तो उठायला लागला.

"दादा..."

तितसनं कुदळ टाकली आणि त्याच्या छातीत लाथ घातली. बाज उलटली. मग त्यांनी लाजरला केसांना धरून अंगणभर ओढलं. तोंडावर ठोसे, पोटात लाथा. लाजर हात वर करत नव्हता. त्यामुळं तितसना आणखी चेव येत होता. "मार ना! बापाला मारलंस तसा मला मार!" ते ओरडत होते. चार माणसं लागली त्यांना धरायला.

आबा दोघांच्या मधे उभे राहिले. धापा टाकत होते.

"तितस, बास. तुझा भाऊ हाये."

"माझा भाऊ न्हाई. तुमचा लेक असंल." तितसच्या तोंडाला फेस आला होता. "माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला तुम्ही गूळ-शेंगदाणे वाटले, आबा. म्हणालात, परिस्थिती न्हाई. अन् याला बोकड? तुमचा डोळा काढला त्याचं हे बक्षीस?"

"तो बोकड तुझाच हाये. हे घर तुझं, रान तुझं. तू कधी मागितलं अन् मी न्हाई म्हणालो का?"

"मी मागणारा न्हाई म्हणून तर!" तितस म्हणाले. "मी राबलो. त्यानं फोडलं. अन् दोघं सारखेच?"

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पाहिलं. तितसनी तो झिडकारला. सायकल काढली आणि ज्या रस्त्यानं आले त्याच रस्त्यानं निघून गेले. मी दारात उभी होते. मला वाटलं, बाजारपेठेत माझ्या भावाकडं जातील, डोकं शांत झालं की येतील.

सकाळी ते आले तेव्हा चर्चची घंटा होत होती. उपासनेला आले नाहीत. मी विचारलं, "कुठं होता?" तर म्हणाले, "तू तुझं काम बघ."

दुपारी लिंबाखाली पंगत बसली. आबा पंगतीत वाढत फिरत होते, एका डोळ्यानं अंदाज चुकून कालवण कुणाच्या मांडीवर सांडत होतं आणि सगळे हसत होते. लाजर सुजलेल्या तोंडानं खाली मान घालून बसला होता. तितस गोठ्याच्या दाराशी उभे. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मी पोरीला कडेवर घेऊन त्यांच्याजवळ ताट नेलं.

तेवढ्यात जीप आली. दगडू पैलवान उतरला, मागून त्याची माणसं. हातांत लोखंडी गज, एकाच्या हातात कोयता. पहिल्या गजानं त्यांनी कालवणाचं पातेलं उडवलं. पोरं किंचाळली, बायका पळाल्या, पत्रावळींवरून माणसं सैरावैरा धावली. लाजर उठून उभा राहिला.

"मी येतो," तो म्हणाला. "मी येतो तुमच्यासंगं. हितं कुणाला हात लावू नका."

आबांनी त्याचं मनगट पकडून त्याला पाठीमागं ओढलं.

"पैलवान," आबा म्हणाले, "जेवायला आला असशील तर बस. याला न्यायला आला असशील तर आधी माझ्याशी बोल."

"म्हाताऱ्या, बाजूला हो. तुझं माझं वैर न्हाई. त्यानं माझ्या भावाला पांगळा केलाय."

"मला काणा केलाय. अन् तो तुझ्या भावाच्या आधी. म्हंजे त्याच्यावर पहिला हक्क माझा." आबांनी आपल्या रिकाम्या खोबणीकडं बोट केलं. "माझा न्याव मी काल केला. तू फिर्याद दे, मी स्वतः त्याला चौकीवर घेऊन जातो. पण मारायला न्हाई देणार."

"तो तुझा न्याव झाला," पैलवान म्हणाला आणि त्यानं गज उचलला.

पहिला घाव आबांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी लांबून ऐकला. आबा पडले ते लाजरला घेऊनच पडले आणि त्याच्यावर पालथे झाले. त्यांना ओढून काढायला पैलवानाची दोन माणसं वाकली, पण म्हाताऱ्यानं लाजरच्या पाठीखाली हात गुंफले होते. मग त्यांनी ओढायचं सोडलं आणि वरूनच मारायला सुरुवात केली. ओल्या पोत्यावर मारावं तसा आवाज. खालून लाजर ओरडत होता, "आबा, सोडा! मला सोडा! आबा!"

तितस जागचे हलले नव्हते. तोंड पांढरंफटक. मी त्यांना ढकललं, "अहो, जा ना!" ते एक पाऊल पुढं गेले. पैलवानाच्या एका माणसानं त्यांच्या छातीवर हात ठेवला. मारायच्या बेतानं नाही, ओळखीच्या माणसाला अडवावं तसा.

"तितसभाऊ, तुम्ही आत जा," तो म्हणाला. "तुम्ही काल येऊन सांगितलं, तुमचं काम झालं. आता बघू नका."

मी हाताच्या अंतरावर होते. मी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत.

मग आबांच्या डोक्यावर घाव बसला. तितसच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्यांनी लाकडांत रोवलेली कुऱ्हाड उपटली. ज्यानं छातीवर हात ठेवला होता त्याच्याच खांद्यात ती बसली. ती काढून ते पैलवानाकडं गेले. कोयतेवाला आडवा आला. तितसनं डाव्या हातानं कोयत्याचं पातंच धरलं. दोन बोटं मातीत पडली. त्यांना कळलंही नाही. कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं त्यांनी पैलवानाचं तोंड फोडलं. तोवर गिदोननं दगड उचलला, मग वाडीतल्या दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. दगडांचा पाऊस पडायला लागला तेव्हा पैलवानाच्या माणसांनी आपल्या जखमी साथीदाराला जीपमधे कोंबलं आणि पळाले.

आम्ही आबांना लाजरवरून उचललं. त्यांचे हात सोडवताना बोटं एकेक करून उलगडावी लागली. लाजरचे पाय घावांखाली मोडले होते, पण तो जिवंत होता. तितसनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं. आबांच्या कानांतून रक्त येत होतं. एक डोळा उघडा होता, पण त्याला दिसत नव्हतं.

"दोघं हायेत का?" आबांनी विचारलं.

मीच म्हणाले, "हायेत, आबा. दोघंबी हायेत."

आबांनी मान हलवली. जरा वेळानं श्वास थांबला.

लाजरला शहरातल्या दवाखान्यात ठेवलं. दोन्ही पायांना प्लास्टर, बरगड्या मोडलेल्या. तितसच्या हाताला पट्टी. अंत्यविधी झाल्यावर फौजदार लाजरचा जबाब घ्यायला आले. मी आणि तितस खाटेच्या पायथ्याशी उभे होतो. त्या दिवसांत तितस माझ्याशी बोलले नव्हते आणि मी त्यांना विचारलं नव्हतं. घरात दोघंही भिंतीकडं बघून जेवायचो.

फौजदारांनी सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "तू आलास आदल्या दुपारी. पैलवानाचं गाव लांब. त्याला एवढ्या लवकर कळलं कसं? कुणी कळवलं?"

तितसनी खाटेची लोखंडी कड धरली. मी डोळे मिटून घेतले. लाजर आबांच्या खाली पडला होता, तितक्या गोंगाटात त्याला पैलवानाच्या माणसाचं ते वाक्य ऐकू गेलं नसेल, असं मी मनाशी धरून बसले होते. पण डोळे उघडले तर तो थेट तितसकडं बघत होता, आणि मला कळलं की त्यानं ऐकलंय.

"साहेब," लाजर म्हणाला, "आबांनी बोकड कापला, सगळ्या गावाला आवतण दिलं. त्यांना काय लपवायचंच नव्हतं. अशी बातमी राहती का?"

फौजदारांनी लिहून घेतलं आणि ते गेले.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मग तितस म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"व्हय."

"मग का?" तितसनी खाटेची कड सोडली. "माझ्यामुळं आबा गेले. तू सांगितलं असतं तर मी नाकारणार नव्हतो. मला फासावर जरी चढवलं असतं तरी... लाजर, मी सायकलवर सरळ तिथंच गेलो. वाटेत कितीदा तरी वाटलं, फिरावं. मी..."

"दादा, थांब."

"मला बोलू दे!"

"नको." लाजरनं डोळे मिटले. "मी त्या दिवशी आलो ना, वाटंनं सगळं पाठ करत आलो होतो. आबांना काय म्हणायचं ते. की मी तुमचा पोरगा म्हणायच्या लायकीचा न्हाई, मला गडी म्हणून ठेवा, गोठ्यात झोपीन, दादा सांगंल ते करीन. ओढ्यात आबा आले अन् मी चालू केलं. आबा मधीच म्हणाले, 'तुझे पाय किती भाजलेत रं.' मी पुन्हा चालू केलं. तर म्हणाले, 'बास. चल घरी.' मला माझं वाक्यच पुरं करू दिलं न्हाई त्यांनी." तो थांबला. मोडक्या बरगड्यांमुळं त्याला श्वास पुरत नव्हता. "म्हणून तूबी नको. मला एवढंच येतंय. मला दुसरं काय करायचं ते शिकवायला ते राह्यले न्हाईत."

तितस खाली बसले. फरशीवर, खाटेच्या पायाशी. चांगला हात तोंडावर धरून ते रडले, आणि लाजर छताकडं बघत पडून राहिला.

माफी मिळाली म्हणजे माणूस हलका होतो असं लोक म्हणतात. तितस हलके झाले नाहीत. ते चर्चला येईनासे झाले. रानात जायचे, यायचे, जेवायचे. जेवताना पोरगी मांडीवर चढली तर तिला माझ्याकडं द्यायचे, जणू त्यांच्या हातानं तिला काही होईल.

लाजर कुबड्यांवर घरी आला त्या रविवारी आबांच्या स्मरणाची उपासना होती. चर्च भरलं होतं. तितस माझ्याबरोबर पायऱ्यांपर्यंत आले आणि थांबले. "तू जा," म्हणाले. दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

पाळकसाहेबांनी दोन मुलांच्या बापाचा दृष्टांत घेतला. आबांवर बोलायचं तर दुसरं काय घेणार? तो दृष्टांत आमच्यात शेंबड्या पोरालाही पाठ असतो. धाकटा येतो, बाप धावतो, मेजवानी होते. थोरला रागानं आत येत नाही आणि बाप बाहेर येऊन त्याला समजावतो. पाळकसाहेब तिथंच थांबले.

"पुढं थोरला आत आला का?" त्यांनी विचारलं. "प्रभूनं ते सांगितलं नाही. गोष्ट तिथंच, दाराबाहेर थांबते."

तेवढ्यात कुबड्यांचा आवाज आला. लाजर उठला होता. बाकांच्या मधल्या वाटेनं एकेक कुबडी टेकत तो दाराकडं निघाला. सगळ्या माना वळल्या. तो बाहेर गेला. बाहेर काय बोलणं झालं, मला माहीत नाही. तितसनी पुढं मला कधी सांगितलं नाही आणि लाजरनंही नाही. खूप वेळ लागला. पाळकसाहेब पुस्तक मिटून उभे राहिले. एक-दोन बायका कुजबुजायला लागल्या.

मग दोघं आत आले. तितस पुढं, वेदीपाशी गेले.

"पैलवानाला मी सांगितलं," ते म्हणाले. "लाजर घरी आलाय म्हणून. मी स्वतः जाऊन सांगितलं. आबांना माझ्यामुळं मारलं. फौजदारांनाबी मी उद्या हेच सांगणार हाये."

पहिल्यांदा कुणाला अर्थच लागला नाही. मग गिदोन उठला. त्यानं त्या दिवशी आबांसाठी पहिला दगड उचलला होता. तो तितसच्या तोंडावर थुंकला आणि बाहेर गेला. त्याच्या मागं त्याची बायको, मग आणखी लोक. बाक सरकवल्याचे आवाज होत राहिले. पाळकसाहेब "बंधूंनो, बंधूंनो" म्हणत होते. निम्मं चर्च रिकामं झालं. जे राहिले ते दुसऱ्या बाजूच्या बाकांवर जाऊन बसले.

तितस तोंड न पुसता पहिल्या बाकावर येऊन टेकले. तो आख्खा बाक मोकळा होता. मी पोरीला घेऊन उठले, पण माझ्या आधी लाजर निघाला होता. कुबड्या टेकत तो त्या बाकाशी आला. इतकी मोकळी जागा असून तितसच्या अगदी अंगाशी उभा राहिला.

"सरक," तो म्हणाला.

तितस सरकले.